ज्याचं वाक्य त्यानं पुरं करावं

थांबाबाई हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं, आणि बाईंना ते ठाऊक नाही असा सगळ्यांचा गोड गैरसमज होता.

बाई अडखळत बोलणाऱ्यांना बोलायला शिकवत. विद्यार्थी म्हणजे केस पिकलेली, पोटापाण्याला लागलेली, घरात दरारा असलेली माणसं; फक्त प्रत्येकाच्या घशात कुठे ना कुठे एक दगड अडकलेला. एका दवाखान्याच्या माडीवर दोन खोल्यांत त्यांचं केंद्र होतं आणि भिंतीवर एकच पाटी होती : 'ज्याचं वाक्य त्यानं पुरं करावं.'

एखादा शब्दापाशी अडला की समोरच्याला राहवत नाही. तो दयेपोटी शब्द पुरवतो आणि आपण पुण्य केलं असं समजून घरी जातो. बाईंच्या वर्गात याला मनाई होती. कुणी शब्द पुरवायला तोंड उघडलं की बाई म्हणत, "थांबा." अडलेल्याला नव्हे, पुरवणाऱ्याला. तरीही कुणी पुरवलाच, तर अडलेल्यानं वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं. आणि अवघड शब्द टाळून सोपा घ्यायचा नाही. चष्म्यांच्या दुकानाची एक मालकीण 'चष्मा' म्हणता येत नाही म्हणून उभी हयात 'भिंगं' विकत आली होती. तिच्याकडून 'चष्मा' वदवून घ्यायला बाईंना सहा महिने लागले, आणि त्या दिवशी तिनं स्वतःलाच एक विकत घेतला.

रोज संध्याकाळी गृहपाठ असे. प्रत्येकानं घरी बसून एक वाक्य फोनवर म्हणायचं आणि बाईंना पाठवायचं. जमेपर्यंत पुन्हा पुन्हा. आता अडखळणारा माणूस आपला आवाज स्वतःच्या बायकोलाही ऐकू देत नाही. न्हाणीघरात नळ सोडून रेकॉर्डिंग करणारे महाभाग त्यांच्यात होते. सुरुवातीला बाई सगळ्या जगाचं असतं तेच ॲप वापरत. मग एके दिवशी वर्गातल्या लिफ्ट-मिस्त्रीच्या कंपनीत, मालकाच्या देखत, त्याच्या फोनवर 'तोतरेपणावर रामबाण' अशी जाहिरात नाचायला लागली. मालकानं त्याच्याकडे पाहिलं. तो महिनाभर कुणाशी बोलला नाही. त्याच आठवड्यात बाईंनी ॲप बदललं. नव्या ॲपमध्ये आवाज फोनमधून निघतानाच कुलूपबंद व्हायचा आणि फक्त बाईंच्या फोनमध्ये उघडायचा. मधल्या कुणाला काही ऐकू यायचं नाही. कंपनीला नाही, जाहिरातवाल्याला नाही आणि सरकारलाही नाही.

यातला तिसरा राग धरून बसला.

एक विद्यार्थिनी मात्र माडी कधीच चढली नव्हती. ती सरकारी वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या वाचायची. अवघा देश तिचं बोलणं ऐकायचा. खळखळ वाहणाऱ्या पाण्यासारखं, असं लोक म्हणायचे. त्या पाण्याखाली काय काय दगड आहेत हे एकट्या बाईंना माहीत होतं. दुपारी बातम्यांचा कागद हातात पडला की ती अवघड वाक्यं ॲपवर म्हणून पाठवायची, बाई कुठे श्वास घ्यायचा ते सांगायच्या, आणि संध्याकाळी पाणी खळखळायचं. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं असतं. सरकारला अडखळणारा आवाज परवडत नाही. अडखळण्याचं काम सरकार स्वतः करतं.

मग सरकारनं संशय निवारण कक्ष काढला. निवारण करायचं तर आधी संशय हवा, म्हणून कक्षानं तो घ्यायला सुरुवात केली. कुलूपबंद ॲप वापरणाऱ्यांनी कक्षात येऊन कारण सांगावं, अशी घोषणा झाली. तिच्यात एक वाक्य होतं : 'ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यांनी निर्धास्त राहावं.' निवेदिकेला 'निर्धास्त' म्हणता येईना. त्या दुपारी तिनं ते वाक्य त्याच कुलूपबंद ॲपवरून अकरा वेळा पाठवलं, आणि बाईंनी उत्तर दिलं, 'निर्धास्तच्या आधी श्वास. घाई नको.' संध्याकाळी वाक्य सुरेख गेलं. आठवड्याभरात त्या घोषणेखाली बाईंनाच बोलावणं आलं. आपण तयार केलेल्या पदार्थाची पहिली चव आपणच घ्यावी, तसं झालं.

कक्षाचे साहेब पन्नाशीचे, नीटनेटके आणि मुळात वाईट नसलेले होते. त्यांना एकच खोड होती. समोरचा काय म्हणणार हे त्यांना आधीच कळायचं.

"बसा बाई. हे ॲप तुमच्या फोनमध्ये आहे?"

"आहे. कारण माझे विद्यार्थी—"

"कुणाला कळू नये म्हणून वापरतात."

"थांबा," बाई सवयीनं म्हणाल्या. "वाक्य माझं होतं."

साहेब थांबले. त्या खुर्चीत बसल्यापासून त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं. मग त्यांनी समोरचा पडदा बाईंकडे वळवला. त्यावर खूप रेघा होत्या आणि सगळ्या एका ठिपक्याकडे येत होत्या.

"हा ठिपका तुम्ही. आम्हाला पत्र दिसत नाही बाई, पण पाकीट दिसतं. त्यावर तुमचं नाव असतं, धाडणाऱ्याचं नसतं. रोज संध्याकाळी वेगवेगळे फोन, सगळ्यांचे निरोप तुम्हाला. सगळे साधारण एकाच लांबीचे. एकेक माणूस तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडतो. याला आमच्या भाषेत एक शब्द आहे."

"आमच्याही भाषेत आहे. गृहपाठ."

"निरोप काय असतो?"

"या आठवड्यात, 'आमच्या घरात दोन खुर्च्या आहेत, त्यातली एक डगमगते.'"

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. "कुणाची?"

"काय कुणाची?"

"खुर्ची. डगमगते ती."

बाईंनी आयुष्यात बरेच अवघड विद्यार्थी पाहिले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ती सुताराची अडचण आहे. सरकारची नव्हे."

"मग फोन उघडा. दोन मिनिटांत तुम्ही मोकळ्या, आम्ही मोकळे."

"फोन उघडत नाही."

"उघडत नाही, का उघडणार नाही?"

"उघडणार नाही."

"निदान त्या माणसांची नावं सांगा."

"ती त्यांची आहेत. मला वापरायला दिलेली नाहीत."

साहेबांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला. फोनचं कुलूप फोडायचं यंत्र वरच्या कार्यालयात होतं, पण ते स्वतःच दुरुस्तीला गेलं होतं. तेव्हा बाईंनी पुढच्या आठवड्यात येऊन रीतसर जबाब द्यावा. नावं नाही दिली तर केंद्राचा परवाना रद्द. साहेबांनी मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'जबाब पूर्ण झाल्याशिवाय कारवाई होणार नाही,' असं तिच्यावर लिहिलं होतं. "आम्ही नियमानं चालतो," ते म्हणाले. "समोरच्याचं पूर्ण ऐकून मगच काय ते करतो."

बाईंनी पाटी दोनदा वाचली. शिक्षकाला दुसऱ्याची पाटी वाचायची सवयच असते.

घरी नवरा वाटच पाहत होता. तो फरशांच्या दुकानात विक्रेता होता आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांकडे फरशीच्या बाजूनं बघायचा.

"अगं, देऊन टाक ना नावं. कशाला विषाची परीक्षा? एक फरशी उचकटायला जावं तर शेजारच्या चार उखडतात."

"म्हणूनच देत नाही."

"आपल्याकडे आहे काय लपवण्यासारखं?"

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून सासूबाई ओरडल्या. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. शेजाऱ्यांनाही घरच्या सगळ्या गोष्टी विनासायास कळत. "काय म्हणतोय तो?"

"म्हणतायत, लपवण्यासारखं काय आहे!" बाई ओरडल्या.

"माझ्या कपाटाचा वरचा खण बघितलास का रे तू कधी?" सासूबाईंनी मुलाला विचारलं.

"त्याला कुलूप असतं, आई."

"आत काय आहे?"

"मला काय माहीत?"

"काही नाही! रिकामा आहे!"

"मग कुलूप कशाला?"

"तुझ्या बापाच्या घरात पन्नास वर्षं काढली. तेवढं एक 'काही नाही' माझं आहे, म्हणून!"

नवऱ्यानं टीव्ही लावला. निवेदिका बातम्या वाचत होती. "हिला बघ," तो म्हणाला. "तुझ्या त्या मंडळींनी हिच्याकडून शिकावं. एक शब्द मेला इकडचा तिकडे नाही." बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. निवेदिका 'निर्यात'च्या आधी जरा जास्त थांबली, ते त्यांनी ऐकलं. फोन पिशवीत होता; दुपारी तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. बाईंनी तीच चादर दुसऱ्यांदा घडी केली.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सगळं सांगितलं. फोन त्यांच्याकडे आहे, बंद आहे. नावं मागतायत, मी देणार नाही. केंद्र बंद होऊ शकतं. खोलीत शांतता पसरली, पण त्या वर्गात शांततेचं कुणाला भय नव्हतं. मग लिफ्ट-मिस्त्रीनं हात वर केला. त्याचं वाक्य 'मी'वरच अडलं. चष्मेवालीचे ओठ हलायला लागले, बाईंनी तिच्याकडे एक कटाक्ष टाकला, ओठ मिटले. खाली दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडायला लागलं, त्याची समजूत निघाली, ते गप्प झालं. आणि मग वाक्य आलं.

"मी स्वतः जाऊन सांगतो."

"मीही," चष्मेवाली म्हणाली. "फार तर काय, ह-हसतील. हसू देत. मला चष्मा म्हणता येतं."

"या," बाई तिला म्हणाल्या आणि सगळ्यांना बजावलं, "पण कुणी कुणाला चल म्हणायचं नाही."

पोस्टातले एक गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "बाई, माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. व्याह्यांना माहीत नाही. मला जमायचं नाही."

"मग नका येऊ," बाई म्हणाल्या, चष्मेवालीला 'या' म्हटलं होतं अगदी त्याच सुरात. "पुढचं वाक्य घ्या."

ठरल्या दिवशी कक्षाच्या बाहेरचा बाक भरला. कक्षाला बोलावल्याशिवाय येणाऱ्या माणसांची सवय नव्हती. शिपायानं दोनदा आत जाऊन सांगितलं, "साहेब, हे लोक म्हणतात की संशयित आम्हीच." साहेबांचा चेहरा खुलला. इतका सोपा दिवस त्यांना पूर्वी लाभला नव्हता.

पहिला लिफ्ट-मिस्त्री. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर सगळं ऐकू येत होतं.

"काम काय करता?"

"लि— लि—"

"लिहिण्याचं?"

मिस्त्रीनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "मी लि—"

"लिलावात असता का?"

पुन्हा डोळे, पुन्हा श्वास. "साहेब," मिस्त्री अतिशय सावकाश म्हणाला, "तुम्ही मध्ये बोललात की मला... पहिल्यापासून म्हणावं लागतं. आमच्यात नियम आहे."

नियम हा शब्द साहेबांना आवडायचा. तरी सवय जाते थोडीच? त्यांनी आणखी दोनदा शब्द पुरवला, आणि दोन्ही वेळा गाडी फिरून पहिल्या स्टेशनावर आली. पाचव्या वेळी त्यांनी हनुवटीखाली मूठ धरली. तिचा उपयोग झाला.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो," मिस्त्री म्हणाला. "लिफ्ट मध्येच बंद पडते. आत माणूस असतो. अंधार असतो. मला वरून ओरडून सांगायचं असतं की घाबरू नका, मी आलोय. ते मला सांगता यायचं नाही. मी नुसता ठोकत बसायचो. आतल्या माणसाला वाटायचं, कुणी लिफ्ट तोडतंय. आता मला सांगता येतं. फोनमध्ये तेवढंच आहे साहेब. घाबरू नका, मी आलोय. शंभर वेळा."

साहेबांनी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं, आणि 'शंभर वेळा'खाली ओढायला घेतलेली रेघ ओढली नाही.

मग चष्मेवाली आली. मग एक शिंपी, मग बँकेतल्या एक बाई, मग बागेतला एक माळी, ज्याला झाडांशी बोलताना कधी अडखळायला होत नसे आणि माणसांशी नेहमी व्हायचं. साहेबांचा डबा टेबलावर गार झाला. अर्धा दिवस गेला तेव्हा ते गप्प बसण्यात बरेच तरबेज झाले होते. माळी एका शब्दावर फार वेळ राहिला, तेव्हा शिपाई चहा घेऊन आला आणि म्हणाला, "अहो, गुलाब म्हणा की!" साहेब त्याच्यावर खेकसले, "थांब! वाक्य त्याचं आहे."

बाहेर बाकावर बाईंनी डोळे मिटले. असं यश त्यांना फार थोड्या विद्यार्थ्यांत इतक्या लवकर मिळालं होतं.

संध्याकाळी बाईंची पाळी आली. साहेब दमले होते. त्यांनी पडदा वळवला. पुष्कळ रेघांवर आता खुणा होत्या. काही रेघा कोऱ्या होत्या.

"एवढे सुटले," साहेब म्हणाले. "अडखळणाऱ्या माणसांचा कट असूच शकत नाही, इशारा द्यायलाच दिवस मावळेल. तेव्हा या बाकीच्यांचं सांगा आणि घरी जा. विशेषतः ही." त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं. "ही दुपारची असते. इतरांसारखी संध्याकाळची नाही. रोज वेगळ्या लांबीची. हा गृहपाठ नव्हे बाई. हे कोण?"

बाईंनी त्या रेघेकडे पाहिलं नाही. ज्या गोष्टीकडे पाहायचं नसतं, तिच्याकडे न पाहणं हीही एक कला आहे. त्यांनी साहेबांच्या गार डब्याकडे पाहिलं.

"परवाना उद्या रद्द होईल," साहेब म्हणाले. "आज हे जे सगळे बोलून गेले, ते उद्यापासून जाणार कुठे? एका माणसासाठी?"

हे मात्र खरं होतं, आणि बाईंना ते साहेबांच्या आधीपासून ठाऊक होतं. एका बाजूला माडीवरच्या दोन खोल्या होत्या, दुसऱ्या बाजूला एक खुर्ची, न डगमगणारी, आणि तिच्यात बसलेली एक बाई जी त्यांना कधी भेटलीही नव्हती.

तेवढ्यात शिपायानं बाहेरच्या टीव्हीचा आवाज वाढवला. "साहेब, तुमची बातमी!" साहेबांचा चेहरा उजळला. कक्षाला मुदतवाढ मिळाली होती आणि घोषणेचा मसुदा खुद्द साहेबांचा होता. दोघंही दारापाशी येऊन उभे राहिले. बाकावरची मंडळी घरी गेली नव्हती. बाईंना एकटं टाकून जायचं कुणाच्या मनात नव्हतं.

निवेदिका वाचत होती. "ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यांनी..."

ती थांबली.

शिपायानं टीव्हीला एक चापट मारली. चित्र हललं, आवाज आला नाही, कारण बिघाड टीव्हीत नव्हता. निवेदिकेचे ओठ किंचित उघडे होते, नजर कॅमेऱ्यात रोखलेली होती. देशभरातल्या दिवाणखान्यांत या क्षणी लोक तो शब्द टीव्हीला पुरवत असतील. घरी नवरा नक्कीच पुरवत असेल. बाईंना वाटलं, शब्द बदलेल ती. खुशाल म्हणेल, बिनघोर म्हणेल, सुटेल. नको बदलूस. तुझा आहे तो.

बाकावर कुणी हललं नाही. चष्मेवालीनं हात मांडीखाली दाबून धरले होते. मिस्त्री टीव्हीकडे बघत होता, लिफ्टच्या बंद दाराकडे बघावं तसा. साहेबांचे ओठ उघडले. वाक्य त्यांचंच होतं, त्यांनी स्वतः लिहिलेलं, शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता. त्यांनी बाकाकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. आणि ओठ मिटले.

निवेदिकेनं श्वास घेतला. दिसेल असा, चारचौघांत, घाई न करता.

"...निर्धास्त राहावं," ती म्हणाली, आणि पाणी पुढे वाहायला लागलं.

"गळा बसला असेल," शिपाई म्हणाला.

"असेल," मिस्त्री म्हणाला, अजिबात न अडखळता.

साहेब आत जाऊन खुर्चीत बसले. समोर पडदा होता, त्यावर ती दुपारची रेघ होती. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या टीव्हीकडे, मग पुन्हा रेघेकडे. माणूस मुळात वाईट नव्हता. आणि समोरचा काय म्हणणार हे त्याला आधीच कळायचं, ही खोड तर होतीच.

"बाई," ते म्हणाले, "जबाब सुरू करा. हे कोण?"

बाई खुर्चीत ताठ बसल्या. साहेबांच्या डोक्यावरची पाटी त्यांनी तिसऱ्यांदा वाचली. मग शांत, खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"या रेघेच्या टोकाला जी व्यक्ती आहे, तिचं नाव..."

आणि त्या थांबल्या.

साहेबांनी पेन उचललं आणि हनुवटीखाली मूठ धरली. बाहेर शिपायानं टीव्ही बंद केला, खिडक्या लावल्या, किल्ल्यांचा जुडगा वाजवला. बाकावरच्या कुणाला घाई नव्हती. बाई समोर बघत होत्या, चेहरा निवांत, ओठ किंचित उघडे. पुढचा शब्द कोणत्याही क्षणी येईल अशा. पेनातून कागदावर एक ठिपका पडला आणि पसरत गेला.

"साहेब, बंद करायची वेळ झाली," शिपाई दारातून म्हणाला. "जबाब पूर्ण झाला का?"

"नाही," साहेब म्हणाले. "चालू आहे."

"मग उद्या?"

"उद्या. परवा. पूर्ण होईपर्यंत." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बाईंकडे न बघता पडद्याचं बटण दाबलं. रेघा विझल्या. "त्याआधी कारवाई करता येत नाही. नियम आहे."

बाई उठल्या. पदर सारखा केला.

"उद्या येते," त्या म्हणाल्या. "इथूनच पुढे."

"या," साहेब म्हणाले. "सावकाश."